डावा लावला, चारही लागले

मोटारसायकलच्या इंडिकेटरला एलईडी बसवले, की ते भराभर लुकलुकतात. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर 10 वॅटच्या दोन बल्बांचा भार धरून चालतो. एलईडीचा भार नगण्य, म्हणून बल्ब उडाल्यासारखाच फ्लॅशर वागतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातला, की मिटलं.

खरी गंमत पुढे. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असेल, तर डावा इंडिकेटर लावताच चारही एलईडी चमकतात! वीज त्या दिव्यातून उजवीकडे झिरपते. दिव्याची एक तार अर्थला द्यावी; दुसरीला डावी-उजवी जोडताना प्रत्येकीत एकेक डायोड घालावा.

हॅझर्डसाठी, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावण्यासाठी, दोन्ही बाजूंच्या तारा कायमच्या एकत्र पिळू नयेत, दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारं बटण घ्यावं. पावसात सरळ जाताना हॅझर्ड लावणारे वळणार कधी, हे मात्र देवच जाणे. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवा.