चोविसाव्या वर्षी थांबलेला लाइनबॅकर



मार्च २०१५ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स’ या व्यावसायिक संघाचा लाइनबॅकर ख्रिस बोर्लंड याने निवृत्ती जाहीर केली. वय चोवीस. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला त्याचा एकच हंगाम झाला होता आणि तोही गाजला होता. करार चार वर्षांचा होता, त्यातली तीन शिल्लक होती. आठवडाभर आधी त्याच संघाचा पॅट्रिक विलिस तिसाव्या वर्षी पायांच्या दुखण्यापायी निवृत्त झाला, ते लोकांना समजलं. बोर्लंडला मात्र काही होत नव्हतं. पुढे मेंदूला काही होऊ नये म्हणून आज थांबतो, एवढंच त्याचं कारण होतं.

या निर्णयावर अमेरिकेत पुष्कळ लिहून आलं. मला आज त्याच्या कॉलेजातल्या वर्षांविषयी अधिक बोलायचं आहे, कारण त्या निर्णयाचा अर्थ तिथे लागतो.

आधी हा खेळाडू मैदानावर करतो काय, ते पाहू. अकरा-अकरा जणांचे दोन संघ. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. बचाव करणाऱ्यांची एक फळी अगदी पुढे, समोरच्यांच्या नाकाला नाक लावून उभी असते, आणि एक फळी मागे, लांबचे पास अडवायला. या दोघांच्या मधली जागा लाइनबॅकरची. मधला लाइनबॅकर बहुतेक संघांत बचावाचा म्होरक्या असतो. पुढची चाल ओळखून सहकाऱ्यांना ओरडून जागा बदलायला लावणारा. चेंडू मागे दिला गेला की त्याची नजर चेंडूवर नसते, समोरच्या फळीतल्या गार्ड या खेळाडूवर असते. गार्ड पुढे सरसावला तर चेंडू घेऊन पळण्याची चाल, मागे सरकला तर पासची. हे निमिषात ओळखायचं, अंगावर येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला हातांनी झटकायचं आणि पळणाऱ्याला जमिनीवर आणायचं, म्हणजे टॅकल करायचं. कबड्डीत चढाईपटूचा तोल कुठे झुकतोय ते हेरून कोपरारक्षक झेपावतो, त्या हेरण्याशी याचं नातं आहे. फरक वेगाचा आहे. इथे दोन्ही देह धावत येऊन एकमेकांवर आदळतात.

बोर्लंड ओहायोतल्या केटरिंगचा. उंची सहा फुटांच्या किंचित आत, म्हणजे या जागेसाठी कमीच. विस्कॉन्सिन विद्यापीठानं त्याला घेतलं आणि २००९ मध्ये पहिल्याच वर्षी तो ‘बिग टेन’ या विद्यापीठसंघांच्या गटातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी खांदा दुखावला आणि जवळजवळ सगळा हंगाम गेला. २०११ मध्ये तो परतला तो मधला लाइनबॅकर म्हणून. विद्यापीठाचं मॅडिसनमधलं कॅम्प रँडल स्टेडियम त्या काळी ऐंशी हजारांचं होतं. अमेरिकन यादवी युद्धात तिथे सैनिकांची छावणी होती. तिसरं सत्र संपलं की तिथले प्रेक्षक एका ठरलेल्या गाण्यावर एकदम उड्या मारतात आणि अख्खं स्टेडियम हादरतं. त्या गर्दीचा हा लाडका होता. २०१२ आणि २०१३ च्या रोझ बोल सामन्यांत तो खेळला, दोन्ही वेळा संघ हरला. शेवटच्या वर्षी, २०१३ च्या हंगामात, तो गटातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. कारकिर्दीत त्याच्या नावावर चारशेहून अधिक टॅकल लागले.

या चारशेपाशी जरा थांबू या. हा आकडा फक्त सामन्यांतला आहे. कॉलेजचा संघ नियमित हंगामात बारा सामने खेळतो, सराव मात्र महिनोन् महिने चालतो, आणि डोक्याला बसणारे बहुतेक धक्के सरावातच बसतात असं कॉलेज फुटबॉलवरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. त्यांची नोंद कोणत्याही विक्रमाच्या वहीत होत नाही. या सगळ्याच्या बदल्यात त्या काळी खेळाडूला मिळायची ती शिष्यवृत्ती: शिक्षण, राहणं, जेवण. तिकिटं, जाहिराती, दूरचित्रवाणी यांतून विद्यापीठं अमाप कमवत होती आणि प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरांत होते. खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे घेण्याची मुभा मिळाली ती जुलै २०२१ पासून. बोर्लंडच्या पिढीला ती मिळाली नाही. त्यानं विद्यापीठात इतिहासाची पदवी मात्र नीट पूर्ण केली, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

व्यावसायिक संघांच्या २०१४ च्या खेळाडू-निवडीत तिसऱ्या फेरीत फोर्टीनायनर्सनी त्याला घेतलं. हंगामाआधीच्या सराव शिबिरात पळणाऱ्याची वाट मोकळी करणाऱ्या एका धिप्पाड फुलबॅकशी त्याची समोरासमोर टक्कर झाली. डोकं सुन्न झालं. आपल्याला मेंदूचा धक्का बसलाय, असं त्याला वाटलं, पण संघात जागा मिळवायची होती, म्हणून तो बोलला नाही आणि खेळत राहिला. यापूर्वी दोनदा त्याला असा धक्का बसल्याचं निदान झालं होतं: एकदा आठवीत सॉकर खेळताना, एकदा हायस्कुलात फुटबॉल खेळताना. पण या वेळी त्याच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. आपण हे काय करतोय? आणि पुढची दहा वर्षं हेच करणार आहोत का?

मग तो वाचू लागला. माइक वेबस्टर, डेव्ह ड्युअरसन या जुन्या खेळाडूंचं पुढे काय झालं ते त्यानं वाचलं, संशोधकांशी बोलला. तोवर इकडे मैदानावर विलिस जायबंदी झाल्यामुळे त्याला संधी मिळाली होती आणि नोव्हेंबरात तो लीगमधला महिन्याचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला होता. म्हणजे नाव होत होतं आणि त्याच वेळी वाचनही चालू होतं.

त्यानं काय वाचलं असेल? २००२ मध्ये पिट्सबर्गला डॉ. बेनेट ओमालू यांनी वेबस्टरच्या मेंदूची तपासणी केली आणि त्यात सीटीई हा विकार आढळला. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. स्मृती, स्वभाव, निर्णयशक्ती यांवर त्याचा परिणाम होतो. खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतला मेंदू हलतो तो हलतोच. ज्युनियर सेओ हा या खेळातला एक थोर लाइनबॅकर. वीस हंगाम खेळला आणि २०१२ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी त्यानं जीवन संपवलं. त्याच्या मेंदूतही सीटीई सापडला.

बोर्लंडच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांत सीटीई होता. हे मेंदू बहुतांशी त्रास दिसलेल्या माणसांच्या कुटुंबांनी दान केले होते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही, आणि ते संशोधकांनीच स्पष्ट सांगितलं आहे. पण २०१९ च्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं की खेळाचं एकेक वर्ष वाढलं तशी सीटीईची शक्यता सुमारे तीस टक्क्यांनी वाढत होती. माझ्या दृष्टीनं हाच आकडा बोर्लंडच्या बाजूनं बोलतो. धक्का बसून झालेला असतो, तो परत घेता येत नाही. पुढची वर्षं मात्र आपल्या हातात असतात.

काहींनी त्याला भित्रा म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही. करारावर सही करताना त्याला सुमारे सहा लाख सतरा हजार डॉलर मिळाले होते. त्यातला तीन चतुर्थांश भाग परत करायची त्यानं तयारी दाखवली. ऐंशी हजारांच्या जयघोषात वाढलेल्या मुलानं, कुणीही थांब म्हणत नसताना, पुरावे वाचून स्वतः थांबायचं ठरवलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुनी कागदपत्रं वाचून पुढचं ताडता यावं, तसं त्यानं आपल्याआधीच्या खेळाडूंची आयुष्यं वाचली. या खेळानं त्याला जे दिलं ते तो नाकारत नाही. त्याची किंमत किती आणि कुणी मोजायची, एवढंच तो विचारतो.

हा खेळ बदलू शकत नाही, असंही नाही. १९०५ मध्ये मैदानावर मुलं मरू लागली तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्याच वर्षी हातानं पुढे पास टाकायला परवानगी मिळाली आणि खेळाचं रूप पालटलं. आपल्या काळात, २०१३ च्या हंगामापासून, कॉलेज फुटबॉलमध्ये डोक्याला नेम धरून धडक देणाऱ्याला सामन्याबाहेर काढतात. सराव शिबिरातल्या टकरी कमी करण्याचं काम अजून पुष्कळ बाकी आहे.

आपल्यातल्या अनेकांची मुलं-नातवंडं अमेरिकेत शाळेत शिकतात, आणि इथली मुलं कबड्डी, खो-खो, फुटबॉल खेळतात. त्यांना खेळू द्या. पण डोक्याला मार लागून मूल गांगरलं, ओकलं, त्याला गरगरलं, ते स्कोअर विसरलं, तर ‘काही नाही, ऊठ’ असं म्हणू नका. त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच ते खेळेल, असं त्याच्या प्रशिक्षकांना आपण स्वतः जाऊन सांगा.