तळ्यातला एक रविवार



मालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा ‘कामगार चळवळ : काल आणि आज’ असे काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची समजूत होती. त्या विषयावर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत; बोलणारा थकला नसला तरी ऐकणारे थकले असतील. म्हणून आज एका सहलीची हकीकत सांगणार आहोत. सहल लांबची नव्हे. आपल्या भुईकोट किल्ल्यातली बाग आणि तिथून सिद्धेश्वराच्या तळ्यातले देऊळ, एवढीच. एकट्याने, पायी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. काही मंडळी हसली. हसावे, घरातही हसलेच होते.

या सहलीचे मूळ एका सभेत आहे. यंत्रमागावरच्या मुलांपुढे आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी बोलत होतो. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. 24 एप्रिल 1890 रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज जो तो रविवार आपल्या जन्माबरोबर आल्यासारखा वापरतो, पण तो असा मागून, भांडून घ्यावा लागला आहे. हे सगळे आम्ही मोठ्या आवाजात सांगितले. मागच्या रांगेतला एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, “अण्णा, मग तुम्ही रविवारी काय करता?”

आम्ही रविवारी सभा घेतो. रविवारी कामगार मोकळे सापडतात ना! म्हणजे ज्या सुट्टीचे आम्ही पोवाडे गातो, ती सुट्टी आम्ही स्वतः एकदाही भोगलेली नाही, हे त्या पोराने चारचौघांत उघडे केले. पुढच्याच रविवारी आम्ही खिशातली डायरी घरी ठेवली आणि निघालो.

चैत्र होता. सोलापूरचा चैत्र काय असतो हे या श्रोत्यांना सांगायला नको; म्हणून ऊन चढण्याच्या आत किल्ला गाठला. पहिला तास फार वाईट गेला. हात कुठे ठेवावेत ते कळेना. बाकावर बसलो तर ओळखीचा एक रिक्षावाला थांबून विचारतो, “अण्णा, मोर्चा कुठून निघणार?” त्याला काही नाही म्हणून सांगितले, तर तो डोळा मिचकावून गेला. मोर्चा गुप्त आहे असे त्याला वाटले असावे.

मग आम्ही फुलांकडे पाहू लागलो, आणि इथे आमची खरी फजिती झाली. आम्हाला मागाचा खिळा अन् खिळा ओळखू येतो. धोटा कुठे अडकला ते आवाजावरून सांगू. पण समोरच्या ताटव्यात कण्हेर आणि जास्वंद सोडले तर एका फुलाचे नाव येईना. एक माळी पाणी देत होता, त्याला विचारले. त्याने हातातली नळी न सोडता सांगितले, ही कर्दळ, हा तगर, ती पिवळी बिट्टी. आम्ही शाळेतल्या मुलासारखे त्याच्या मागून म्हटले. कोणाकडे त्याचा पगार विचारण्याची सवय जिभेवर आली होती. ती दुपारपर्यंत गिळून ठेवली.

कर्दळीजवळ आम्ही बराच वेळ उभे होतो. आपण सोलापूरकर फुले विणतो. आपल्या चादरीवरचे फूल कसे जन्मते, हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची; एकेक चौकट म्हणजे एकेक ताणा-बाण्याची गाठभेट. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोके पाडायची, ते पुठ्ठे एकमेकांना शिवून जाकार्डावर चढवायचे. जिथे भोक असेल तिथले सूत उचलले जाते, नसेल तिथले खाली राहते, आणि फूल उमटत जाते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाकार नावाच्या माणसाने 1804 च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. सोळाव्या वर्षी आम्ही मागावर उभे राहिलो आणि अशी हजारो फुले या हातांखालून गेली. त्यांच्या पाकळ्या एकसारख्या, कडा पायऱ्यापायऱ्यांच्या. कर्दळीची पाकळी मात्र एका बाजूला दुमडलेली, दुसरीवर डाग, तिसरी अर्धी सुकलेली. आम्ही जन्मभर ज्याची नक्कल केली ते मूळ पंचावन्नाव्या वर्षी पाहिले. बारा-बारा तासांच्या पाळीत कोण पाहणार? पाळी सुटल्यावर माणसाला फक्त अंथरूण दिसते.

ऊन तापले तसे देवळाकडे निघालो. चहूंकडे पाणी आणि मध्ये देऊळ. आपल्या गावातले बेट म्हणायचे ते हेच. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेले होते. काठावर एक बगळा आमच्यापेक्षा जास्त सरावाने निवांत उभा होता. सावलीत फरशीवर टेकलो आणि सिद्धरामेश्वरांचा विचार मनात आला. बाराव्या शतकातला हा सत्पुरुष. त्यांनी हे तळे खणले, गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली, संक्रांतीला नंदीध्वज निघतात ते त्यांच्याच नावाने. अल्लमप्रभू इथे आले तेव्हा सिद्धराम तळे खणवण्याच्या कामात गढलेले होते आणि प्रभूंनी त्यांना ‘वड्ड’, म्हणजे माती खणणारा, म्हणून डिवचले, अशी कथा सांगतात. शरणांचा धर्म कायकाचा, श्रमाला देवाच्या जागी बसवणारा. आम्हाला तो प्रिय आहे. पण खरे बोलायचे तर तो मालकांनाही फार प्रिय आहे! काम हीच पूजा, असे कारखान्याच्या भिंतीवर रंगवलेले आम्ही पाहिले आहे. आणि त्याच भिंतीआड जादा तासांचा हिशेब मागणाऱ्याला बाहेरची वाट दाखवतात. मार्क्सचा जावई पॉल लाफार्ग याने आळसाच्या हक्कावर एक पुस्तिका लिहिली. तरुणपणी ती वाचून आम्ही रागावलो होतो; श्रमिकाला आळशी म्हणतो काय! त्या दुपारी राग राहिला नाही. तळे खणणाऱ्या सिद्धरामांनीही शेवटी समाधीला जागा घेतली ती पाण्याच्या मधोमध, जिथे कुदळ चालत नाही.

मग डोळा लागला. किती वर्षांनी दुपारी झोपलो, सांगता येणार नाही.

उतरत्या उन्हात बाहेर आलो, तर वाटेवर मोगऱ्याचे गजरे करीत एक बाई बसलेली. आमच्या मोर्चातली जुनी विडीकामगार. “अण्णा, आज सभा?” आम्ही म्हणालो, “नाही. आज सुट्टी.” ती म्हणाली, “तुमची का देवाची?” आणि हसली. हात थांबले नव्हते. सहा दिवस विड्या, सातव्या दिवशी मोगरा. घरी बसून वळलेल्या विडीला दाम हजारावर. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात खराब म्हणून बाजूला टाकल्या तेवढ्या गेल्या. ती म्हणाली, “तुम्ही घरी बसलात तर सुट्टी. आम्ही बसलो तर हजार कमी.”

लोखंड्यांचा रविवार गिरणीच्या भोंग्याला बांधलेला होता. भोंगा वाजला नाही की सुट्टी. या बाईच्या घरात भोंगाच नाही, तर तो थांबवायचा कोणी? हजाराचा दरच असा हवा की सहा दिवसांच्या विड्यांत सातव्याचे पोट भरेल. दरासाठी आम्ही भांडलो, पण दराच्या मागणीपत्रात ‘रविवार’ हा शब्द लिहिल्याचे आम्हाला आठवत नाही. परवाच्या मसुद्यात तो घातला आहे. सहकारी म्हणाले, “अण्णा, हे जरा विचित्र दिसते.” दिसू द्या.

बाईने एक गजरा पुढे केला आणि पैसे घेईना. आम्ही भांडून दिले. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मंडळींनी गजरा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, “सत्कार कुठे होता?”