बाळंतिणीची धाप

मी रायपूरच्या सदर बाजारातून बोलतेय. बाळंतिणीला धाप लागली की आपल्याकडे म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा.’ पण आडवं झाल्यावर दम लागत असेल, रात्री खोकला येत असेल, पाय सुजत असतील, तर हृदय तपासून घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर ५ महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो, आधी कसलाही हृदयविकार नसला तरी. निरोगी हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतो. इथे ते प्रमाण साधारण ४५ टक्क्यांखाली येतं. इको तपासणीत हे कळतं. वेळेवर औषधं मिळाली तर अनेकींचं हृदय सावरतं. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधं थांबवू नका, पुढचं बाळंतपण ठरवू नका. सासूबाई, आजच सुनेला विचारा, ‘रात्री सपाट झोपता येतं का गं?’