तारखांचा तक्ता आणि रिकामे दिवस
(भाषण)



शाळांच्या कचेरीत आता संगणक आले आहेत. त्यांत साठवलेल्या नोंदी ‘एसक्यूएल’ या प्रश्नभाषेने विचारता येतात. आयबीएम कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली मांडलेल्या या भाषेतील एक साधी युक्ती आज सांगतो.

संगणक लिहिलेले तेवढेच दाखवतो. समजा, विद्यार्थी आला तरच नोंद होते. एका मुलीची हजेरी विचारली, तर ३ तारखेनंतर एकदम ९ तारीख येते. मधले दिवस यादीत नाहीतच; मग त्यांची चौकशी कोण करणार?

यावर उपाय म्हणजे तारखांचा संपूर्ण तक्ता. पहिली तारीख घ्यावी, तीत एक दिवस मिळवून पुढची ओळ करावी आणि शेवटच्या तारखेपर्यंत हेच चालू ठेवावे, अशी आज्ञा संगणकाला देता येते. लीप वर्षाचा हिशेब तो स्वतःच ठेवतो. २००१ ते २१०० या शंभर वर्षांचा तक्ता केला तरी ओळी ३६,५२४ च होतात. प्रत्येक तारखेपुढे वार, शैक्षणिक वर्ष आणि सुट्टी यांचे रकाने करावेत. हिजरी तारखेचाही रकाना ठेवावा. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. ती चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून हा रकाना शेवटी माणसानेच तपासावा.

आता हा तक्ता आधी ठेवून त्याला हजेरी जोडावी. एकही तारीख गळत नाही. नोंद नसेल तिथे रकाना रिकामा राहतो. कामाचा दिवस आणि रिकामा रकाना, म्हणजेच गैरहजेरी.

आपला भाग कापसाचा. वेचणीच्या दिवसांत आई शेतावर जाते आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. दोन दिवसांचे चार होतात आणि पुढे शाळाच सुटते. तक्ता हे त्याच आठवड्यात दाखवील. पण संगणक कोणाच्या घरी जाणार नाही. तिथे शिक्षकांनीच गेले पाहिजे. पालकांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बुडालेल्या दिवसाला खूण करावी.

विद्यार्थ्यांनो, ही भाषा जरूर शिका. चांगली नोकरी मिळेल; पण पहिला तक्ता आपल्या वर्गाचा करा. ज्या बाकावर आज कोणी नाही, त्याची विचारपूस करणे हेही शिक्षणच आहे.