अज्ञात नावाचा कृमी

जबलपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात डॉ. एम. सी. अग्रवाल यांनी ज्या चपट्या रक्तकृमींचा दीर्घकाळ अभ्यास केला, त्यांपैकी एकाचे नावच ‘इन्कॉग्निटम’, म्हणजे अज्ञात, असे आहे. १९२६ साली चँडलर यांनी बंगालमधील, मानवी समजल्या गेलेल्या विष्ठेत केवळ अंडी पाहून ते ठेवले. १९३३ साली राव व अय्यर यांनी डुकरांतील पूर्ण वाढलेल्या कृमींना ‘सुइस’ असे निराळे नाव दिले. पुढे दोन्ही जाती एकच ठरल्या. नियमानुसार आधीचे नाव कायम राहिले. अंडे दिसले एवढ्याने ओळख पटत नाही. कृमी कोणाच्या रक्तात वाढतो आणि कोणत्या गोगलगायीतून पसरतो, हेही पाहावे लागते. ओळख चुकली, तर रोग एकीकडे राहतो आणि उपाय दुसरीकडेच होतो.