आजीच्या मुलखांत



इस्रायलांतून आजी-आजोबा नातवंडांसह अलिबागेस उतरतात, तेव्हां त्या सहलीस यात्रेचें स्वरूप येतें. १९४८ सालीं इस्रायलची स्थापना झाली व पुढील कांहीं दशकांत कोंकणांतील बेने इस्रायल समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. नवगांवच्या किनाऱ्याशीं जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, असें या समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा त्यांचा जुना धंदा. शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले.

पेणकर, रोहेकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें म्हणजे प्रवासाचा नकाशाच होय. नातवंडें हिब्रू बोलतात. पण आडनांवाचें गांव दृष्टीस पडलें कीं त्यांचे प्रश्न सुरू होतात. रेवदंड्याचें सिनेगॉग कोणीही दाखवील. परंतु आपलें घर कोणतें, घाणा कोठें होता, मलिद्याचें ताट कोठें मांडीत, हें आजीच सांगूं जाणे, आणि तेंही मराठींत. म्हणून अशा कुटुंबांस सुचवावेंसें वाटतें कीं, स्थळें थोडीं पाहावीं, आजीस निवांत बोलूं द्यावें आणि तिचे शब्द तेथल्या तेथें लिहून घ्यावे. पुढच्या खेपेस ती बरोबर असेलच, असें नाहीं.