खाणीच्या तळावरचे रान



रानात हिंडण्याचे सुख पुणेकरांना मी काय सांगावे! पण मी ज्या रानात हिंडून आलो, ते माणसाने उकरलेल्या खड्ड्याच्या तळाशी उभे आहे. केनियात मोंबासाच्या उत्तरेस बांबुरी येथे सिमेंटचा कारखाना आहे. तेथला चुनखडक म्हणजे लाखावर वर्षांपूर्वीचे प्रवाळ. ते खणून नेल्यावर उरला तापलेला पांढरा दगड, आणि थोड्याच खाली खारे पाणी.

१९७१ साली रेने हॉलर या स्विस कृषितज्ज्ञाने तेथे झाडे लावायला घेतली. २६ जाती लावल्या, तीन जगल्या. त्यांतला एक आपल्या ओळखीचा, कोकणकिनाऱ्यावरचा सुरू. (तोही दोन्हीकडे पाहुणाच.) त्याच्या मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतला नत्र बांधून देतात, म्हणून तो दगडातही तगतो. खाण हिरवी दिसू लागली. आपल्याकडचे वृक्षारोपण येथवर पोचले, तरी आपण हारतुरे घेतो!

पण गळलेल्या काड्या कुजेनात. त्यांतल्या तुरट द्रव्यामुळे जंतू त्यांना शिवत नसत. झाडे होती, माती नव्हती. मग हॉलरना त्या काड्या खाणारे लाल पायांचे वाणी किडे आढळले. पावसाळ्यात आपण केरसुणीने लोटतो, त्यांचेच ते भाऊबंद. ते शेकड्यांनी आणून सोडले. त्यांच्या विष्ठेतून माती झाली, आणि मातीत पुढची झाडे.

आज त्याला हॉलर पार्क म्हणतात. लोक जिराफ पाहायला धावतात. मी पायवाटेकडेला बसून काड्यांचा थर सारला. बोट काळ्या, भुसभुशीत मातीत दोन पेरे गेले आणि दगडाला टेकले.

कुणी म्हणेल, मग खुशाल डोंगर फोडा, नंतर रान करू. त्यांनी ती दोन पेरे आठवावीत. पन्नासांवर वर्षांची ती कमाई आहे, आणि तीही एक माणूस तेथे चिकाटीने राबला म्हणून.

आमच्या टेकडीवर आम्ही तीन पावसाळे रोपे लावली. पाहुणे दरवर्षी निराळे, खड्डे तेच. यंदा रोपांआधी पालापाचोळा नेऊन पसरायचा आहे. आमच्या माळीबुवांना तो जाळू नका म्हणून सांगून ठेवले आहे. चार पोती जमली आहेत.